शर्यतीतून आलेली घोडी

माझ्या मुलाचा हात फडक्यात बांधून गळ्यात अडकवलेला होता आणि दोन दिवस तो माझ्याशी बोलत नव्हता. बोलला तेव्हा एवढंच, की रविवारी टेम्पो येईल, घोडी घेऊन जाईल, तुम्ही मधे पडू नका.

आमच्या घरात घोडे माझ्या बापापासून. तेव्हा टांगे होते, आता किनाऱ्यावर पाहुणे फिरवायचे. हरिहरेश्वरचं दर्शन झालं की लोक गाड्या घेऊन आमच्याकडे येतात, लेकराला घोड्यावर बसवतात, फोटो काढतात. सुरूच्या बनापासून कातळापर्यंत जायचं आणि परत यायचं. या कामाला पळणारा घोडा नको, चालणारा हवा. ही घोडी मुंबईच्या शर्यतीतून उतरलेली. मुलगा नको म्हणत असताना मीच आणली. तिचे पाय असे होते की बघत राहावं. जनावर एकदा मला आवडलं की मी कुणाचं ऐकत नाही. तिने आल्या आल्याच मुलाला कातळाजवळ फेकलं. खांद्याचं हाड मोडलं.

मुलाचं चुकत होतं असं मी म्हणत नाही. त्याच्या जागी एखाद्याचं लेकरू असतं तर आमच्या सगळ्याच घोड्यांना किनारा बंद झाला असता. पण टेम्पोवाला तिला कुठे नेणार हे तो सांगत नव्हता, आणि मीही विचारलं नाही. असा घोडा घेणारे लोक त्याला पाय जाईपर्यंत वरातीत नाचवतात. पुढचं आम्हा घोडेवाल्यांना ठाऊक असतं, ते कुणी बोलत नाही.

मी म्हणालो, रविवारच्या आत तिला चालायला शिकवतो.

तो म्हणाला, "तुमी तिला, का ती तुमाला?"

आमच्याकडे नवं जनावर समुद्रात शिकवतात. ओहोटीला गुडघाभर पाण्यात न्यायचं. पाणी पाय धरून ठेवतं, पळायचं म्हटलं तरी पळता येत नाही. दमलं की आपसूक चालीवर येतं. मग वाळूवर घ्यायचं, आणि उधळलंच तर लगाम खेचायचा. तोंडातलं लोखंड दाबलं की घोडा थांबतो. माझी शाळा चौथीत सुटली, पण हे शिक्षण माझं पुरं झालेलं आहे. या रीतीने मी किती घोडे केले ते गावाला विचारा.

पाण्यात ती गाईसारखी वागली. मला वाटलं झालं काम. वाळूवर आणली, तिने जरा कान हलवले, मी लगाम आवळला आणि ती सुटली. जितकं ओढावं तितकी मान खाली घालून पुढे. शेवटी कशीबशी समुद्रात घातली तेव्हा थांबली. माझ्या तळव्यांची साल निघाली होती. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

सून किनाऱ्यावर सरबताची गाडी लावते. ती तिथून सगळं बघायची. संध्याकाळी ताट वाढताना म्हणाली, "मामा, राग धरू नका. तुमी वढता तवाच ती पळते. हात सैल असला की न्हाय पळत."

मी विचारलं, सैल सोडल्यावर थांबणारा घोडा तू कुठे पाहिलास?

"न्हाय पाहिला," ती म्हणाली. "ही घोडीच पाहत्ये."

बायकोने माझ्या ताटात भाकरी टाकली आणि वर बघितलंच नाही. म्हणजे ती कुणाच्या बाजूने ते मला कळलं.

शनिवारी मी बापाच्या वेळचं काटेरी लोखंड काढून घोडीच्या तोंडात घातलं. तिच्या ओठाला रक्त आलं आणि ती आणखी जोरात पळाली.

रविवारी सकाळी पाहुणे यायच्या आधीच टेम्पो सुरूच्या बनाखाली येऊन उभा राहिला. त्याचा मागचा फळका उघडून ठेवलेला. ड्रायव्हर सुनेकडून सरबत घेऊन पीत बसला. मी घोडीवर खोगीर घातलं, पोटाखालचा तंग आवळला. मुलगा एका हाताने दावं धरून उभा होता. तो म्हणाला, "कातळापर्यंत न्या आणि चालत आणा. आणली तर ऱ्हाऊ दे. पण पाण्यात घालायची न्हाय."

निम्म्या वाटेपर्यंत ती नीट चालली. मग एका बंद टपरीवरचा प्लास्टिकचा कागद वाऱ्याने फडफडला. ती दचकली, माझ्या मुठी आवळल्या, आणि वाळू मागे धावायला लागली.

समोर कातळ. त्याला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांची धार, पाय पडला तर कापून निघावा अशी. मुलगा तिथेच पडला होता. मी मागे रेलून दोन्ही हातांनी ओढत होतो आणि ती चौखूर. डावीकडे पाणी होतं, एक हिसका दिला असता तर तिला आत घालता आलं असतं. पण तशी घातली की टेम्पोत चढली. तेव्हा मला सुनेचं बोलणं आठवलं. पटलं म्हणून नव्हे, दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून.

बोटं उघडेनात. इतक्या वर्षांची सवय. आधी डावा हात सुटला, तर तिचं तोंड उजवीकडे वळलं. मग उजवा सुटला. मी आयाळ धरली.

आधी काहीच झालं नाही. मग तिची मान वर आली. टापांचा ताल मोडला, दुडकीवर आली, मग चालीवर, आणि कालवांच्या अलीकडे येऊन उभी राहिली. तिची छाती भात्यासारखी हलत होती, माझीही. मला तेव्हा उमगलं, शर्यतीत लगाम ताणला म्हणजे पळ, आणि सोडला म्हणजे काम संपलं. ती बिचारी इतके दिवस माझं ऐकतच होती.

परतीची वाट मला जाण्याच्या वाटेहून लांब वाटली. लगाम तिच्या मानेवर पडलेला, माझे हात मांडीवर उघडे. एक कुत्रं भुंकत पायात आलं. तिने अंग आखडलं, माझी बोटं वळली, मी ती पुन्हा सरळ केली. कुत्रं गेलं. ती चालत राहिली. तिकडे टेम्पोपाशी मुलगा, सून आणि ड्रायव्हर बघत उभे होते.

मुलाने दावं पुढे केलं नाही. त्याने ड्रायव्हरला फळका लावायला सांगितला. मग मला म्हणाला, "तिच्यावर पाव्हणा बसवायचा न्हाय."

"मी बसीन."

"व्हय, तुमीच बसा. दुसऱ्या कुनाला जमायचं न्हाय."

आता रोज सकाळी मी तिच्यावर बसून बाकीचे घोडे किनाऱ्यावर नेतो. ती पुढे चालते, ते मागून येतात. माझी रीत चुकीची असं मी अजून म्हणत नाही. बाकीच्या घोड्यांना तीच रीत लागू पडते. सुनेला मी काही बोललो नाही, तिनेही विचारलं नाही. फक्त खोगिराच्या पुढच्या बाजूला दोरीची एक कडी शिवून दे म्हणालो. घोडी दचकली की मी कडी धरतो, मुठी तिथे आवळतात, लगाम सैल राहतो. सुनेने ती दुहेरी दोऱ्याने शिवून दिली आहे. कशाला हवी, हे तिला सांगावं लागलं नाही.