रिद्धीची फेरपरीक्षा

मंचरच्या पेठेत अमृतलालशेठचं किराणा दुकान. त्यांची रिद्धी अकरावी सायन्सला फिजिक्समध्ये आपटली, ते साल सत्त्याण्णव. घरात कुणी रागावलं नाही, आणि तेच वाईट. शेठ एवढंच म्हणाले, "जूनच्या फेरपरीक्षेत निघालीस तर बारावी कर. नाय तर सायन्स सोड आणि गल्ल्यावर बस." गल्ला तिला लहानपणापासून ठाऊक होता. पण जन्मभर तिथंच बसायचं तिला नको होतं.

पोरगी मात्र हट्टी. जवळच्याच पेठ नावाच्या गावात शीलाताई म्हणून बीएस्सी झालेली एक सासुरवाशीण आहे, असं कळायचा अवकाश, तिनं एसटी पकडली. शीलाताई कांदाचाळीत साठवलेले कांदे निवडत बसल्या होत्या. "शिकवते, पण हात रिकामे ठेवायचे न्हाईत," त्या म्हणाल्या. मग काय, सुट्टीभर हातानं सडका कांदा बाजूला काढायचा आणि तोंडानं नियम म्हणायचे. गुरुत्वाकर्षण तिला लवकर उमगलं. चंद्रावर साखर हलकी भरते म्हटल्यावर ती म्हणाली, "आमच्या तराजूत नाय भरायची. मापंबी हलकी होणार की." शीलाताई खूश.

घोडं अडलं समतोलाच्या प्रयोगात. लांब पट्टी मधोमध दोऱ्यानं टांगायची, एका बाजूला दगड, दुसरीकडं माप. माप सरकवत पट्टी सरळ आडवी आणायची आणि अंतरांवरून दगडाचं वजन काढायचं. रिद्धीचं उत्तर दर खेपेला कमी यायचं. सूत्र बरोबर, गुणाकार बरोबर, तरी तेच. रडकुंडीला आली बिचारी.

शेवटी शीलाताईंनी कांदे सारले बाजूला आणि तिच्या हातांवर नजर ठेवली. दगडाची बाजू अजून जराशी खाली असतानाच ही समाधानानं हात काढून घेत होती.

"अगं, पट्टी सरळ कुठं झालीय?"

"एवढं झुकतं द्यावंच लागतं ना ताई. मालाकडं काटा झुकला नाय तर गिऱ्हाईक काय म्हणेल?"

शीलाताईंना हसू आवरेना. "इथं गिऱ्हाईक न्हाई बाई. गुंजभरबी इकडं-तिकडं नको."

सांगायला काय जातंय! पिढ्यान्‌पिढ्यांची सवय अशी हातातून निघते होय? बोटं आपसूक थांबायची, ती पुन्हा पुढं रेटायची, स्वतःवरच चिडायची. पण दातओठ खाऊन तीच पट्टी टांगत राहिली. हात वळेपर्यंत तिनं काही पिच्छा सोडला नाही. फेरपरीक्षेत नेमका तोच प्रयोग वाट्याला आला, तेव्हा पट्टी सरळ होईस्तोवर तिचा हात थांबला नाही.

निकाल फळ्यावर लागला तो बाजाराचा दिवस. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. रिद्धी धापा टाकत आत शिरली. शेठ डाळीचा पुडा बांधत होते. वर न बघताच म्हणाले, "काय झालं?"

"निघाले."

शेठ दोऱ्याला गाठ मारत समोरच्या गिऱ्हाइकांना म्हणाले, "कुणी चांगला माणूस असंल तर बघा राव, गल्ल्यावर बसायला. आमच्या पोरीला आता बारावीचा अभ्यास हाय."