अर्धं पाकीट हवा

जामखेडला मी आणि माझी धाकटी जाऊ घरी शेंगदाण्याची चटणी करून विकतो. कुटायचं काम तिचं, पाकिटांचं माझं. आमचा माल घेणारं शिर्डीतलं एक मोठं दुकान तिनंच मिळवलं होतं. उन्हाळ्याच्या तोंडाला तो दुकानदार घरी आला आणि एक उभं, रंगीत, चकचकीत पाकीट त्यानं आमच्यापुढं ठेवलं.

"चटणी आत्ताएवढीच. पाकीट हे वापरायचं, आणि वर हवा ठेवायची."

"अर्धं रिकामं?" मी विचारलं.

"दिसतं भरलेलं. वजन मागं बारीक छापलेलं असतंच. यात्रेकरू एकदा घेतो अन् गावाला जातो."

मी नको म्हटलं. त्यानं चहा तसाच ठेवला आणि उठला. "गुरुपौर्णिमेच्या गर्दीआधी सांगा. नायतर दुसरे आहेत."

तो गेल्यावर जाऊ म्हणाली, "ताई, वजन खरंच लिवनार ना आपन? मग खोटं काय हाय त्यात?"

"घेणारा वजन वाचत नाही गं, आकार बघतो," मी म्हणाले. त्या दिवसापासून तिनं माझ्याशी बोलणंच सोडलं. एका घरात राहून आम्ही निरोप मुलांकरवी द्यायचो. उखळातले घाव मात्र मला ऐकवण्यासाठी पडायचे.

खरं तर आमचं जुनं पातळ पाकीटही धड नव्हतं. त्याला तेल सुटायचं. मी नगरहून आतून चंदेरी अस्तर असलेली लहान, जाड पाकिटं आणली. महागही नव्हती. एकात चटणी दाबून भरली, जुन्यातही भरली आणि उन्हाळाभर कुठलं टिकतं ते बघायला दोन्ही पत्र्याखालच्या फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी बघते, तर शेजारी ते चकचकीत पाकीट फुगून उभं. जावेनं भरलं होतं. मी हात लावला नाही.

उन्हाळा सरत आला तशी मी तिन्ही पाकिटं खाली काढली. जाऊ दारातच उभी राहिली. जुन्यातली चटणी नासली होती, ते वासावरूनच कळलं. लहान पाकिटातली चांगली निघाली. तिसरं तिनं स्वतः कापलं, चिमूटभर तोंडात टाकली आणि मोरीकडं जाऊन थुंकली.

"खवट झाली," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलत होती. "हवेनं?"

"हवेनंच. तेलाच्या मालाला हवा चालत नाही."

"माझ्या हातची चटणी हाय ही, ताई. लोक मला नावं ठेवतील."

तिनंच दुकानदाराला फोन लावला. पाकीट लहान असेल, पण गच्च भरलेलं असेल, असं सांगितलं. पलीकडून तो म्हणाला, "मग राहू द्या." फोन ठेवल्यावर ती बराच वेळ भिंतीला टेकून बसली. मलाही भीती वाटत होती. एवढं दुकान परत कुठून आणायचं?

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी एसटीनं भिंगारच्या बाजारात गेलो. दोन दुकानदारांनी पाकीट बघूनच परत दिलं. तिसऱ्यानं ते दाबून पाहिलं, कापून चटणी चाखली आणि म्हणाला, "थोडी ठेवून जा. खपली तर बघू."

खपली. शिर्डीच्या दुकानाएवढी नाही, पण चटणी दर बाजाराला जाते. आता पाकिटं भरायला जाऊही बसते, आणि माझ्याकडून एखादं सैल राहिलं तर परत उघडायला लावते.