गप्प बसायची अट

दरवर्षी ऑक्टोबर आला, दुबईची हवा जरा माणसात आली, की आमच्या कॉलेजात कुणीतरी उंच मुलगा ॲडमिशन घेतो आणि आम्ही पालक वेडे होतो. आमच्या कॉलेजात म्हणजे माझ्या मुलाच्या. मी स्वतः वसईत दोन वर्षं कॉलेज केलं आणि पोटापाण्याला लागले. पण बास्केटबॉलची मॅच असली की ते कॉलेज माझंच असतं, कुणी काही म्हणो.

कॉलेज तरी केवढं? एका ऑफिसच्या इमारतीतले तीन मजले, खाली फार्मसी. त्यात मुलगे थोडे, आणि त्यात बास्केटबॉल खेळणारे आठ. त्यातला एक दम्याचा पंप बेंचवर ठेवून खेळतो. सलग दोन सीझन आम्ही एकही मॅच जिंकलेली नव्हती. पण पहिल्या मॅचच्या आधीच्या आठवड्यात कुणाला काय त्याचं! त्या आठवड्यात आम्ही अजून कुणाशीच हरलेलो नसतो.

त्या वर्षीचा उंच मुलगा नायजेरियाचा होता, दारातून वाकून आत यायचा. अल मनखूलच्या भाऊंचा मला ड्युटीवर फोन. "ताई, आला हो आला! हात वर केला तर रिंगच धरतोय बघा." हे भाऊ म्हणजे आमच्या सेंटर खेळणाऱ्या मुलाचे वडील, मूळचे साताऱ्याचे. टीमचे पाठीराखे म्हणावेत असे दोघंच, ते आणि मी. बाकीचे पालक यायचे, फोटो काढायचे आणि मॉलमध्ये जायचे. तर त्या उंच मुलाला स्पोर्ट्सच्या सरांनी मोठ्या मानानं बोलावून विचारलं. त्यानं नम्रपणे सांगितलं की आपल्याला बुद्धिबळाची आवड आहे. झालं, आमची आशा तिथंच आपटली. भाऊंनी दोन दिवस माझा फोनच घेतला नाही.

त्या वर्षी गंमत तेवढ्यावर थांबणार नव्हती. कॉलेजनं टीमला स्पष्ट सांगितलं होतं, पहिल्या तीन मॅचपैकी एक तरी जिंका, नाहीतर टीम लीगमधून काढून घेऊ आणि हॉलची वेळ बॅडमिंटनला देऊ. माझ्या मुलाचं ते शेवटचं वर्ष. लहानपणापासून अल बर्शाच्या पार्कमध्ये उन्हातान्हात चेंडू आपटत बसलेला पोरगा, त्याला आयुष्यात एकदाच अंगावर कॉलेजचं नाव असलेली जर्सी मिळाली होती. ती काढून घ्यायची भाषा ऐकून माझं डोकंच फिरलं.

माझ्या आवाजाबद्दल आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं. वसईत आमच्या चर्चच्या मैदानात फुटबॉल असो, कबड्डी असो, रस्सीखेच असो, मी कडेला उभी राहून ओरडत वाढले. फादर म्हणायचे, मिस्साला गाताना कुठं जातो गं हा आवाज? इथं आल्यावर तो आवाज गिळला. हॉटेलच्या रिसेप्शनवर उभी असते मी. "येस सर, शुअर मॅम, सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स." समोरचा चावी काउंटरवर फेकून शिव्या घालत असला तरी आपण हळूच बोलायचं. लिफ्टमध्ये हळू, बिल्डिंगमध्ये हळू, फोनवर हळू. परक्या मुलखात माणूस आपोआप आवाज खाली ठेवतो, कुणी सांगावं लागत नाही. वीस वर्षांत मला मोकळ्या गळ्यानं ओरडायला एकच जागा मिळाली, त्या हॉलच्या प्लास्टिकच्या खुर्च्या. ती मी सोडणार होते? नाव नको.

पहिली मॅच आम्ही इतकी वाईट हरलो की तिच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. भाऊ म्हणाले, "आपलं काही खरं नाही, ताई." मी म्हटलं, "भाऊ, असं बोलायचं असेल तर पलीकडच्या बाजूला जाऊन बसा." ते बसले इकडेच.

दुसरी मॅच मात्र रंगली. समोर शारजाची टीम, बहुतेक अरब मुलं, सगळी सहा फुटांच्या वर. आणि आमची पोरं चक्क बरोबरीनं खेळत होती. शेवटची दोनेक मिनिटं राहिली असतील. माझ्या पोरानं लांबून, अगदी रेषेबाहेरून चेंडू टाकला आणि तो रिंगला न शिवता जाळीतून खाली आला. मी खुर्चीवरून उठले आणि माझ्या तोंडून जे निघालं ते थेट वसईचं निघालं.

"खल्लास!"

आमच्याकडे खल्लास म्हणजे काय? म्हणजे झकास, तोड नाही, जीव घेतलास पोरा. पण इथं सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणूस खलास म्हणतो ते कशाला? संपलं, पुरे, थांबा. टॅक्सी थांबवायची, खलास. भांडण मिटवायचं, खलास. वीस वर्षं मीही तो शब्द तसाच वापरत आले. पण आनंद झाला की जीभ माहेरी जाते, तिला कोण आवरणार?

शारजाच्या मुलानं चेंडू हातात घेतला होता, खेळ पुढं सुरू करायला. माझी आरोळी ऐकून तो थांबला. स्कोअर लिहिणाऱ्यांच्या टेबलावरून कुणीतरी खेळ थांबवला असं त्याला वाटलं. त्यानं चेंडू शांतपणे जमिनीवर ठेवला आणि रेफ्रीकडे बघायला लागला. आमच्या दमेकऱ्यानं तो उचलला आणि आरामात बास्केटमध्ये टाकला. कुणीच अडवलं नाही त्याला. मग असा गोंधळ उडाला म्हणून सांगू! त्यांचे कोच अंगावर धावून आल्यासारखे टेबलाकडे गेले. रेफ्री इजिप्तचे होते, सभ्य माणूस. त्यांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, "मॅडम, तुम्ही खलास म्हणालात?"

"हो, म्हणाले. आमच्या भाषेत शाबास म्हणतात त्याला."

"आमच्या भाषेत थांबा म्हणतात," ते म्हणाले. आणि ते दोन पॉईंट त्यांनी रद्द केले.

आम्ही ती मॅच एका पॉईंटनं हरलो. एका! भाऊ डोक्याला हात लावून बसले. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, पण लाज वाटली नाही. चोरी केली होती का मी? पोराचं कौतुक केलं होतं.

शारजावाल्यांनी तक्रार केली. लीगकडून उत्तर आलं, यापुढे खेळ चालू असताना या प्रेक्षक बाईंचा आवाज आला, तर तुमच्या टीमला टेक्निकल फाऊल. म्हणजे समोरच्याला फुकटचा एक शॉट. आमच्या स्पोर्ट्सच्या सरांनी मला कॉलेजात बोलावून हात जोडले. "मॅडम, कुछ भी हो, आवाज नहीं. बच्चों का सवाल है." पालकांच्या ग्रुपवर तर काय, ज्यांनी कधी एक मॅच पूर्ण पाहिली नाही ते मला शिस्त शिकवायला लागले. भाऊ घाबरत घाबरत म्हणाले, "ताई, तोंडात खडीसाखर ठेवा हवी तर." घरी आले तर मुलगा सोफ्यावर. त्यानं मोबाईलमधून मान वर न करता सांगितलं, "मम्मी, प्लीज. जस्ट सिट क्वाएट. वन गेम."

बाकीच्यांचं मी या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं असतं. त्याचं लागलं.

"बरं," मी म्हटलं. "एक शब्द काढणार नाही. येणार मात्र आहे." न जाण्याचा विचार माझ्या मनातसुद्धा आला नव्हता. हरायचं असेल तर माझ्या डोळ्यांसमोर हरा.

तिसरी मॅच फुजैराला. पोरं कॉलेजच्या बसनं गेली, मी आणि भाऊ माझ्या गाडीनं. डोंगर ओलांडेपर्यंत भाऊ एकच वाक्य बोलत होते, "आज जिंकतील असं वाटतंय." आपलं काही खरं नाही म्हणणारा माणूस! आशा मोठी चिवट असते, हाकलली तरी दाराशी येऊन बसते. रेफ्री तेच होते. त्यांनी मला ओळखलं, हसले आणि ओठांवर बोट ठेवलं. मीही हसले. आतून जळत होते.

फुजैराच्या टीमची माणसं ढोल घेऊन आली होती. म्हणजे ढोल चालतो, आईचा आवाज चालत नाही. असो. खेळ सुरू झाला आणि मी पर्समधला रुमाल काढून दातात धरला. शपथेवर सांगते, बाळंतपणात सोसलं त्याच्या खालोखाल हे होतं. वरून मला सगळं दिसत होतं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये भाऊंचा मुलगा उजव्या बाजूला रिंगखाली अगदी एकटा उभा, हात वर करून. माझ्या पोराचं लक्ष नाही. घशापर्यंत आलेलं मी गिळलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच, पुन्हा उजवीकडे, पुन्हा एकटा. पोरानं एकदा मान वळवून खुर्च्यांकडे पाहिलं. मला वाटलं, आई गप्प आहे ना, याची खात्री करून घेतोय. मी रुमाल आणखी घट्ट चावला. सात-आठ पॉईंटची आघाडी होती आमची, ती बघता बघता वितळली.

शेवटी आम्ही एका पॉईंटनं मागे. चेंडू माझ्या पोराच्या हातात. त्या हॉलमध्ये घड्याळ एकच, आणि ते त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर. तो निवांत चेंडू आपटत उभा, जसा काही अख्खा दिवस पडलाय. बेंचवरून सर ओरडत होते, पण ढोलापुढं त्यांचं काय चालतंय! त्यांचा आवाज त्यांच्या पायाशीच पडत होता. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. खडीसाखर ठेवा असं या वेळी ते म्हणाले नाहीत.

मी रुमाल फेकला.

"अरे टाक! वेळ संपली, टाक मेल्या!"

ढोलाच्या वरून गेला तो आवाज. पोरानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. होता तिथून उडी मारली आणि टाकला. रिंगवर दोनदा नाचला चेंडू आणि आत पडला. पाठोपाठ शिट्टी. रेफ्री माझ्याकडे बघत होते, चेहरा अगदी पडलेला. बास्केट आमची धरली. टेक्निकल फाऊलही धरला. फुजैराच्या मुलानं तो एक शॉट घातला, बरोबरी झाली, उरलेली सेकंदं अशीच गेली. जादा वेळेत आमची आठ पोरं धापा टाकत होती, पंप दोघांत फिरत होता. हरलो.

टीम गेली, हे तिथंच सगळ्यांना कळलं. सर माझ्याजवळ आले. "मॅडम, क्यों?"

"सर, मी गप्प बसले असते तर जादा वेळसुद्धा मिळाला नसता. चेंडू हातात घेऊन उभा होता पोरगा. उद्या पुन्हा तसा उभा राहिला तर पुन्हा ओरडेन." ते म्हणाले, नेक्स्ट इयर, इन्शाल्ला, आणि बॅगा मोजायला गेले. ग्रुपवर मेसेज यायला सुरुवात झाली होती. मी सगळ्यांसाठी मिळून एकच लिहिलं, ज्याला मॅचबद्दल बोलायचंय त्यानं आधी एक मॅच बसून पाहावी. भाऊंनी त्याखाली अंगठा टाकला. तेवढी हिंमत त्यांनी केली हे मी विसरणार नाही.

भाऊ त्यांच्या मुलाबरोबर बसमध्ये बसले आणि माझा मुलगा माझ्या गाडीत आला. अंगावर जर्सी तशीच, ओली. डोंगरातून येताना मी मनात उत्तरं तयार करत होते. ओरडले, बरं केलं, माफी मागणार नाही. तू माझा मुलगा असलास तरी नाही. दुबईचे दिवे दिसायला लागले तेव्हा त्यानं सीट मागे केली.

"यू वेअर लेट, मम्मी."

"उशीर? तुझी दोन सेकंदं राहिली होती, तरी मी..."

"नॉट दॅट." तो खिडकीबाहेर बघत होता. मग मराठीत म्हणाला, सावकाश, एकेक शब्द शोधत, "सेकंड क्वार्टरला तो उजवीकडे फ्री होता. दोनदा. तुला दिसलं होतं, मला माहीत आहे. मी वर बघितलं. मी वाट बघत होतो तुझी."

सरांनी गप्प बस म्हटलं, लीगनं म्हटलं, ग्रुपनं म्हटलं, पोटच्या पोरानं म्हटलं. आणि मी शहाण्या बाईसारखी जवळजवळ चारही क्वार्टर रुमाल चावत बसले. कुणाचंच ऐकायला नको होतं मी, त्याचंसुद्धा.