कोबीच्या पानावरचा भात

मालवणच्या धक्क्यावरून होडीत आणि होडीतून बोटीत चढले, तेव्हा ट्रंकेत उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ आणि सोलं होती. लेक सुमन हॉलंडला. जावई तिथल्या बंदरात कामाला. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं. दुसऱ्या बाळंतपणाला मला बोलावलं.

मुंबईहून पुढे तीन आठवडे पाणी. निम्मे दिवस ओकण्यात गेले. हॉलंड सपाट आणि ओलं. मासे ताजे, पण रांधायची अक्कल नाही.

सुमनच्या दाराच्या चौकटीवर बोटभर तिरकी खाच होती, रंगाखाली बुजलेली. शेजारची म्हातारी कॉफी घेऊन आली, तिला विचारलं. ती बोलली ते सुमनने सांगितलं, "आये, हंय यहुदी रवत होते. ते दाराक देवाच्या वचनाची डबी ठोकतत, तेची ती खाच. लढाईत जर्मनांनी सगळ्यांका गाडयेत घालून न्हेल्यानी. कोण परत इलो नाय."

"आणि माका आता सांगतंस?"

"दुसरा घर मेळाक नाय गो."

दुसऱ्या दिवशी म्हातारीने आम्हाला चौकात नेलं. तिथे दगड उभा, त्यावर नेलेल्यांची नावं. ती अक्षरं मला लागत नाहीत. तिने चार नावांवर बोट ठेवलं : बाप, आई, दोन मुली. आमच्या घरातले. दगडाला कोणी सायकल टेकवली होती.

"तिका विचार, तेव्हा तू काय केलंस?"

"आये, गप रव."

"विचार."

सुमनने विचारलं. म्हातारी हातमोजे काढून पुन्हा घालत राहिली. मग म्हणाली, "पडदा ओढला."

संध्याकाळी मी भात केला. केळीचं पान नाही, म्हणून कोबीच्या पानावर वाडी (पितरांचं पान) वाढून दगडापुढे ठेवली. पुण्य नको होतं; त्या घरात सुमनचं मूल जगायला हवं होतं. त्यांचा धर्म वेगळा, पण मला एवढी एकच रीत येते. कावळा आला, दगडावर बसला, खाली उतरेना. अशा वेळी आपल्याकडे मेलेल्याला शब्द देतात, मग कावळा शिवतो. मी हात जोडले. "तुमच्या पोरांक आमी सांभाळू..."

पुढे बोलता येईना. पोरी त्याच दगडावर होत्या. घर सांभाळू म्हणावं, तर त्यात आम्हीच राहत होतो.

"तेंचो कोण नातलग?" मी विचारलं.

"सगळे हंयच," सुमन दगडाकडे बघून म्हणाली.

कावळा उडून गेला. सकाळी भात सायकलीच्या चाकाखाली चिरडलेला दिसला.

नात झाली. जगली. रडकी आहे. त्यात माझ्या भाताचा काही वाटा नाही.

मालवणला परतले, तर बायका विचारतात, "विलायत कशी आसा गो?" मी माशांचं सांगते. सर्वपित्रीला घरच्यांची पानं वाढते. चार पानं जास्त वाढायला तांदूळ आहेत. पण पानं वाढून काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.