भिंतीआडचा कॅमेरा

पाटण तालुक्यातल्या एका वाडीचं ते प्रकरण पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावरही माझी पाठ सोडत नाही.

एका माजी सैनिकाच्या घरामागे, उंच भिंतीआड, गोठ्यावर नजर ठेवायला कॅमेरा होता. तो धाकट्या मुलाने बसवला होता. थोरला फौजेत, लांब. एके दिवशी थोरल्याच्या बायकोचे न्हाणीतून बाहेर येतानाचे फोटो वाडीभर फिरले. ते त्याच कॅमेऱ्यातले होते. धाकट्याची सैन्यात निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणी आमच्याच ठाण्यात पडून होती. गुन्ह्यात नाव आलं की भरती संपली.

खबर शेजाऱ्याने दिली. "सायेब, कॅमेरा फोनवरनं फिरतोय, आन् फोन धाकट्याकडं हाय. आता परत गोठ्याकडं वळवलाय त्यानं. पुरावा जायच्या आत उचला." बांधाच्या वादावरून या दोन घरांचं येणंजाणं कधीच बंद झालेलं. तरी अब्रूची काळजी दांडगी.

धाकट्याला बोलावलं. तो रडत एवढंच म्हणत राहिला, "आवं सायेब, वैनीनं ल्हानपणी मला हातानं भरवलंय. मी न्हाई." रडणारे खरेच असतात असं नाही, त्यामुळे मी विश्वास ठेवला नाही. त्याच्या फोनमध्ये मात्र काही सापडलं नाही.

जिल्ह्याच्या सायबर कक्षाचं नुकतंच थाटात उद्घाटन झालं होतं. कोनशिला आली होती, संगणक यायचे होते. म्हणून मी वाडीला इंटरनेट पुरवणाऱ्यालाच कराडहून बोलावलं. पहिल्याच चहाला तो म्हणाला, "सर, कॅमेऱ्याचा नेटवर्कमधला पत्ता आतला, खासगी. तो बाहेरच्या जगात चालतच नाही."

"मग शेजारच्या घरातून कुणी तो पत्ता फोनवर घातला तर?"

"तर मागणी वाडीला नेट वाटणाऱ्या माझ्या पेटीपर्यंत येते. तिथं ती टाकून द्यायची असते."

"तू देतोस टाकून?"

तो कपाकडे बघू लागला. "वेगळं झालेल्या भावांना एकमेकांचा गोठा, मोटर बघायची असते. लोकच मागं लागले. म्हणून वाडीपुरतं मोकळं ठेवलंय. एका घरातनं आलेलं दुसऱ्या घराला पोचवतो."

"आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड?"

"ग्रामदेवीचं नाव. वाडीत सगळे तेच ठेवतात."

तेव्हा शेजाऱ्याचं वाक्य आठवलं. भिंतीआडचा कॅमेरा 'परत वळवलाय' हे त्याला कसं कळलं? त्याला ठाण्यात बसवून मी एवढंच विचारलं. तो म्हणाला, "वाडीत समदेच बघत्यात." पंचांसमक्ष फोन जप्त केला. कॅमेऱ्यातून थेट उतरवलेले मूळ फोटो त्यातच होते, आणि ते पहिल्यांदा तिथूनच गेले होते.

पडताळणीचा अहवाल मी स्वच्छ पाठवला आणि माजी सैनिकाला स्वतः जाऊन सांगितलं, तुमचा मुलगा निर्दोष आहे. म्हातारा ताठ उभा होता. "आवं, तुमी मला सांगितलंसा. वाडीला कोण सांगणार?"

धाकटा भरती झाला. सून सांगलीकडे माहेरी गेली, ती आलीच नाही.

गुन्हेगार शोधता येतो हे मला नोकरीने शिकवलं. बाहेर गेलेली गोष्ट परत घरात आणता येत नाही, हे या प्रकरणाने. वाटेत अडवायचं काम ज्याचं होतं त्याने लोकांची सोय पाहिली, आणि लोकांनीच ती मागितली होती. नंतर एकदा त्या वाडीतून गेलो. घरोघरी कॅमेरे तसेच होते. माजी सैनिकाच्या भिंतीवर फक्त खिळा राहिला होता.