गौरीजेवणाला बाजूला बसलेली आई

पाळी गेल्यानंतर तुमच्या आईला पुन्हा रक्तस्राव झाला, तर ती तुम्हाला सांगेल का?

माझ्या आईने सांगितलं नाही. मला कळलं ते गौरीजेवणाच्या दिवशी. पाळी जाऊन दोन वर्षं झाली, तरी नैवेद्याच्या पुरणाला हात न लावता ती आतल्या खोलीत बसून होती. बायकांच्या प्रश्नांवर पत्रकं काढणारी मी, असं बाजूला बसण्यावरून पूर्वी तिच्याशी दरवर्षी भांडायचे. या वेळी मला भांडता येईना.

“आई, कधीपासून?”

“झाले दोन महिने. हळू बोल. आणि लगेच पत्रक काढू नकोस यावर.”

माझ्या जन्मानंतर तिने आजीला न कळू देता कितीतरी वर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या होत्या. हे रक्त म्हणजे कॅन्सरच, तो त्या गोळ्यांनीच झाला, आपणच ओढवून घेतला, असं तिने ठरवून टाकलं होतं.

विसर्जनाला न थांबता मी तिला वारज्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “अहो, त्या गोळ्यांनी गर्भाशयाच्या अस्तराच्या आणि बीजकोशाच्या कॅन्सरचा धोका उलट कमी होतो. गर्भाशयाच्या मुखाचा थोडा वाढतो, तेही तपासू. पण रक्त दिसल्यावर घरी बसायचं नाही.”

आठवड्याने अहवाल मिळाला: साधी गाठ, कॅन्सर नाही. परतताना रिक्षात आई माझा हात धरून रडली. मग डोळे पुसत म्हणाली, “काढ आता तुझं पत्रक.”

ते हेच. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं का, असं आज आईला विचारा, आणि ती ‘हो’ म्हणाली तर दवाखान्यात तिच्यासोबत जा.