बाबांचा दीपस्तंभ आणि माझ्या तीन फ्रेम्स

आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये फ्रीझरवर पहिला हक्क मटारचा. थंडीत पोत्याने मटार आणायचे, घरातल्या सगळ्यांनी बसून सोलायचे आणि वर्षभराची बेगमी करून ठेवायची, ही दिल्लीची रीत आम्हीही उचलली आहे. त्या मटारच्या पिशव्यांखाली एक प्लास्टिकचा डबा असे आणि त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. त्यात बाबांचा स्लाइड फिल्मचा शेवटचा रोल होता. त्याची मुदत कधीच उलटून गेली होती, पण गारठ्यात फिल्म टिकते म्हणून बाबांनी तो जिवापाड जपला होता.

बाबा केंद्र सरकारच्या ऑफिसातून निवृत्त झाले; क्वार्टर आता माझ्या नोकरीवर आहे. फोटोग्राफी हा त्यांचा छंद, आणि तीही फक्त स्लाइडवर. साध्या फिल्ममध्ये उजेडाचा अंदाज चुकला तर प्रिंट काढणारा थोडंफार सांभाळून घेतो. स्लाइडला सांभाळून घेणारं कोणी नाही. जी फिल्म कॅमेऱ्यात गेली तीच धुऊन चित्र होऊन बाहेर येते. उजेड जरा जास्त झाला की आकाश पांढरं फटक, जरा कमी झाला की सगळा काळोख. बाबांना हा कडक हिशेब आवडायचा. मला वाटतं, घरात आम्हालाही ते स्लाइडसारखंच वागवायचे.

त्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. एलटीसी, म्हणजे सरकारी प्रवास-सवलत, मिळाली की आम्ही कोकणात गावी जायचो आणि प्रत्येक वेळी बाबा जवळच्या दीपस्तंभाचा फोटो काढायचे. पांढरा मनोरा, रंगलेलं आकाश आणि वरचा पेटलेला दिवा, हे तिन्ही त्यांना एका स्लाइडमध्ये हवं होतं. दर वेळी मनोरा काळाठिक्कर यायचा. ती स्लाइड ते बाजूला ठेवायचे आणि पुढच्या एलटीसीची वाट बघायचे.

मग त्यांचा हात थरथरू लागला. कॅमेऱ्याची बटणंसुद्धा नीट फिरवता येईनात. यंदा गावी निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मटार उपसून तो डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "तू काढ," म्हणाले, "मी सांगेन तसं." मला त्यांनीच शिकवलं होतं, तरी मी डबा लगेच उचलला नाही. हा रोल वाया गेला तर दुसरा नव्हता, आणि बाबांना पुन्हा एवढा प्रवास झेपेल याचीही खात्री नव्हती.

गावी पोचल्यावर एका संध्याकाळी मी दीपस्तंभासमोर किनाऱ्यावर ट्रायपॉड लावला. बाबा शेजारी खुर्चीवर बसून हुकूम सोडत होते. सूर्य पाण्याजवळ आला तसे ते घाई करू लागले.

"उडव भराभर. सूर्य गेला की खेळ खलास."

हा त्यांचा जुना नियम. आणि तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदा, मला तो दिल्लीचा नियम आहे हे कळलं. दिल्लीत सूर्य बुडत नाही, विरतो. इमारतींच्या वरच धुरक्यात तांब्याच्या ताटलीसारखा होतो आणि नाहीसा होतो. मागे उरतं ते नुसतं राखाडी. बाबांनी उभी हयात त्या आकाशाखाली काढली आणि तोच हिशेब बरोबर घेऊन ते दर वेळी समुद्रावर आले. सूर्य टेकला की लेन्सचं झाकण लावायचे, बॅग बंद करायचे. इथे तर सूर्य समोर असताना उजेड इतका प्रखर होता की मनोरा काळा येणारच.

"बाबा, यार, थांबा ना जरा. दिवा तर लागू द्या."

"दिवा लागेल तेव्हा उजेड नसेल. आयुष्यभर केलंय मी हे."

"म्हणूनच तुमचे सगळे मनोरे काळे आले."

हे त्यांना झोंबलं. झोंबायलाच हवं होतं. त्यांनी मान फिरवली. त्यांचं समाधान म्हणून मी सूर्यावर बराच रोल खर्च केला, पण शेवटच्या तीन फ्रेम्स दाबून ठेवल्या. सूर्य गेला. बाबा उठले, खुर्ची घडी करू लागले. मी जागची हलले नाही.

थोड्या वेळाने आकाश पुन्हा पेटलं. खाली केशरी, वर जांभळं. चुना लावलेल्या मनोऱ्यावर तो उजेड हळूच चढला आणि वर दिवा फिरायला लागला. मी आकाशाचा उजेड मोजला, मनोऱ्याचा मोजला. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. दिवा आमच्याकडे वळतोय असं दिसलं की शटर उघडणारी केबल दाबायची, श्वास रोखायचा, सोडायची. एक, दोन, तीन. रोल संपला. मागे वळून पाहिलं तर बाबा घडी केलेली खुर्ची हातात धरून तिथेच उभे होते. म्हणाले, "चलो. चहा घेऊ."

दिल्लीला परतून रोल लॅबकडे पाठवला; तो धुऊन यायला बरेच दिवस लागले. पार्सल आलं त्या संध्याकाळी मी हॉलमध्ये चादर टांगली आणि प्रोजेक्टर लावला. सूर्याच्या स्लाइडी एकामागून एक काळ्या मनोऱ्यांच्या. शेवटच्या तीनपैकी पहिली अंधारी निघाली. दुसरी लागली आणि अख्खी चादर उजळली. पांढराशुभ्र मनोरा, मागे केशरी आकाश, वर दिव्याचा झोत. मी खुर्चीवरून अक्षरशः उडाले. ऑफिसातल्या कुठल्या प्रमोशनने मला असा आनंद दिला नव्हता.

बाबा चादरीजवळ गेले. मनोऱ्याच्या कडेवरून थरथरतं बोट फिरवलं. मग दार उघडून बाहेर पडले. मला वाटलं, दुखावले. पण जिन्यावरून त्यांचा आवाज आला, आणि पाचच मिनिटांत खालचे बंगाली काका, समोरच्या भाभी आणि त्यांच्याकडे आलेले पाहुणे, सगळे आमच्या हॉलमध्ये उभे होते. बाबा चादरीशेजारी छाती काढून उभे राहिले.

"बेटी ने खींची है," म्हणाले. "मैं तो बोल रहा था, बंद करो, चलो. मेरी एक नहीं सुनी इसने."